चुकीचा दगड दाखवा

"आत्या, खरवडू नकोस! ती भिंत आहे!"

"भिंत मला दिसतेय. भिंतीवरचं दगडफूल काढतेय मी." कुमुदआत्याने नेलकटरचं पातं दगडाच्या कडेला सरकवलं, राखाडी पापुद्रा अलगद सोडवला आणि नाकाशी नेला. "वास नाही फारसा. पण तव्यावर परतलं की येईल. गोड्या मसाल्यापुरतं झालं."

"अगं, जात वेगळी आहे त्याची. आणि लोक बघतायत."

"बघू देत. मिरजेत याची पुडी घ्यायला जा, म्हणजे कळेल काय भाव आहे तो. इथे नुसतं वाया चाललंय."

लोक म्हणजे खरं तर एकच माणूस होता. शेजारच्या घरापुढच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला एक म्हातारा. तो आत्याकडे बघत होता आणि मिशीत हसत होता.

मी नुकतीच भूशास्त्रात एमएस्सी झाले होते आणि जुन्या इमारतींच्या दगडांचा अभ्यास करायला सहा महिन्यांसाठी इटलीतल्या एका विद्यापीठात आले होते. आत्या मला भेटायला म्हणून आली आणि सोबत मेतकूट, चिवडा आणि सल्ले घेऊन आली. मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती. भाषा येवो न येवो, समोरच्याचा नुसता आवाज ऐकून तिला तो रडकुंडीला आलाय की थापा मारतोय हे कळायचं. इटालियन तिला एक अक्षर येत नव्हतं. ती सगळ्यांशी मराठीत बोलायची, आणि माझ्या पुस्तकी इटालियनपेक्षा तिचं काम लवकर व्हायचं.

कास्तेलवार्दाला मीच तिला हट्टाने नेलं होतं. डोंगराच्या कुशीतलं, तटबंदीचं, सातशे वर्षांचं गाव. पण ते बांधून झालं त्याला माझ्या वयापेक्षा थोडीच जास्त वर्षं झाली होती. एका भूकंपात चर्च, वेस, घरं, सगळं बसलं होतं. सरकारी लोक म्हणाले, खाली सपाटीवर नवी वसाहत बांधून देतो. गाव म्हणालं, आम्हाला आमचंच गाव पाहिजे, होतं तिथे आणि होतं तसं. मग गावकऱ्यांनी पडलेले दगड नदीकाठच्या कुरणात नेऊन मांडले, फोटोंवरून ओळखले, प्रत्येकावर लाल रंगाने नंबर घातला आणि एकेक करून पुन्हा भिंतीत बसवले.

"आणि एकही चुकला नाही," सकाळी आमच्या खानावळीची मालकीण लोरेत्ता म्हणाली होती. "आमची पैज असते दर वर्षी. उद्याच आहे. बाहेरून आलेल्या कुणीही चुकीचा दगड दाखवावा. दाखवला की हे चीज त्याचं." तिने हातांनी बैलगाडीच्या चाकाएवढा गोल काढून दाखवला.

"आणि दगडाचं काय करतात?" मी विचारलं.

"चुकीचा ठरला तर लगेच काढायचा. गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन बसलेलेच असतात. वाजतगाजत न्यायचा आणि त्याच्या खऱ्या जागी बसवायचा. पण अजून वेळ आली नाही."

"मग चीज?"

"पंच खातात." लोरेत्ताने खांदे उडवले. "तीन पंच आहेत. मुख्य पंच तुल्लिओ. लाल आकडे घालणारा हात त्याचाच होता. तोच म्हणतो चूक नाही, आणि तोच चीज खातो."

मी हे सगळं आत्याला मराठीत सांगितलं. आत्याने पाव खाली ठेवला.

"तुझी एमएस्सी दगडातच आहे ना?"

"हो."

"मग झालं की!" असं म्हणून ती उठली आणि आजूबाजूच्या टेबलांवर माझ्याकडे बोट दाखवत सांगत सुटली, "ही! दगड! फर्स्ट क्लास!" काय म्हणतेय ते सगळ्यांना बरोबर समजलं. दुपारपर्यंत गावभर झालं की भारतातून एक 'दोत्तोरेस्सा', म्हणजे डॉक्टरबाई, आली आहे. तिकडे साध्या पदवीधर बाईलाही असंच म्हणतात, पण मला ते ऐकायला फार गोड लागत होतं. आमच्या घरी सगळे विचारायचे, "दगड शिकून करणार काय?" निदान एकदा, भर गर्दीत, माझ्या विषयाने मला जिंकून द्यावं असं मला मनापासून वाटत होतं.

आणि आता आत्याच्या नेलकटरने ती वेळ आणली होती.

दगडफूल निघालं तिथे हातभर लांबीचा दगड स्वच्छ उघडा पडला होता. दाराशेजारचा. मी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. त्या दगडात शिंपल्यांचे बारीक तुकडे होते. त्याच्या वरचा दगड बघितला, खालचा बघितला. त्यांच्यात शिंपले नव्हते. खसखशीसारखे गोल गोल कण होते.

लांबून दोन्ही सारखेच पांढुरके. पण हे दोन वेगवेगळ्या खाणींचे दगड होते. गावाच्या वरच्या खाणीत शिंपल्यांचा दगड, खालच्या खाणीत खसखशीचा. मी शेजारच्या घराकडे गेले. ते अख्खं शिंपल्यांचं होतं. फक्त दाराच्या उंबऱ्याजवळ, याच मापाचा एक दगड खसखशीचा.

"आत्या," मी कुजबुजले, "अदलाबदल झालीये. या घराचा त्या घरात, त्या घराचा या घरात."

"चीज केवढं असेल गं?" आत्या म्हणाली. "बॅगेत मावेल?"

बाकावरचा म्हातारा एव्हाना उठून उभा राहिला होता. हसू गेलं होतं. तो सरळ माझ्याकडे आला आणि टोपी काढून म्हणाला, "दोत्तोरेस्सा, मी तुल्लिओ. जरा माझ्या परसात येता? कोंबड्या बघायला."

कोंबड्या होत्या, पण तिकडे कोणी बघितलं नाही. तुल्लिओंनी आम्हाला दोन उलट्या टोपल्यांवर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"तुम्ही बघितलंत," ते म्हणाले.

"दाराजवळचा ना? बघितला. नंबर घालताना चूक झाली असेल."

"चूक?" त्यांना राग आला. "मी चुकत नाही. तो मी मुद्दाम बसवला."

मी आत्याला भराभर सांगितलं. आत्याने पर्समधला चिवडा काढून तुल्लिओंच्या हातावर ठेवला. ते न बघता तो चघळू लागले, ठसका लागला, मग आणखी मागितला.

"आमची दोन्ही घरं एकावर एक पडली होती," ते म्हणाले. "माझं आणि इनेसचं. शेजारीण. एकच ढीग झाला. ते दगड वेगळे करायचं काम आम्हा दोघांना दिलं. कुरणात. रोज सकाळी ती तिकडून, मी इकडून. हा तुझा, हा माझा. प्रत्येक दगडावरून भांडण. ती म्हणायची, हा माझ्या स्वयंपाकघराचा. मी म्हणायचो, तुझ्या स्वयंपाकघरात असा सरळ दगड एकही नव्हता."

"वाईट दिवस असतील," मी म्हटलं.

"फार वाईट. पत्र्याच्या खोल्या, चिखल, थंडी." त्यांनी पायाशी आलेली कोंबडी अलगद बाजूला केली. "मग ढीग संपत आला. भांडायला दगड उरेनात. घरं उभी राहिली, तिने तिचं दार लावलं, मी माझं लावलं. तिचं लग्न झालं, माझंही झालं. दोघांची माणसं आता गेली. शेजारी आहोत. रोज भांडतो. तिच्या कुंड्यांचं पाणी माझ्या बाकावर पडतं."

"पण दगड का बदललात?"

तुल्लिओंनी हातातला चिवड्यातला दाणा निरखून बघितला. "सगळं अगदी बरोबर वेगळं झालं असतं, तर संपलंच असतं ना? एक ठेवला. पुन्हा कधी पडलंच, तर तिला माझ्याकडे यावं लागेल. हा माझ्यात काय करतोय म्हणून भांडायला."

"त्यांना माहीत आहे?"

"तिला? देवा!" त्यांनी माझा हात धरला. "तिला कळलं तर ती मला गावातून हाकलेल. आणि उद्या गवंडी तो काढतील. दोत्तोरेस्सा, चीजचं काय, मी तुम्हाला माझी कोंबडी देतो."

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "हं. आवाजावरून वाटलंच मला." आणि मग अगदी दुःखाने, "म्हणजे चीज गेलं."

"गेलं कशाला? मी खरं काय ते सांगणार. शोधलंय मी ते! आणि खोटं बोलून ते इतकी वर्षं चीज खातायत."

"सांग बाई. तुझी एमएस्सी."

ती अशी बोलली की मला चिडच आली. मी तडक पुन्हा त्या घरांकडे गेले. म्हटलं, सांगायचंच तर पुराव्यानिशी सांगू, दोन्ही भिंती नीट तपासू. संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतींवर पडलं होतं, भिंग लावायला उत्तम. मी इनेसबाईंच्या घराच्या मागच्या बाजूला गेले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मला आणखी एक शिंपल्यांचा दगड सापडला.

मी तुल्लिओंच्या भिंतीकडे पळाले. त्यांच्या खिडकीच्या बरोबर खाली, खसखशीचा आणखी एक.

म्हणजे एक नाही, दोन जोड्या. 'एक ठेवला' म्हणे! लबाड म्हातारा. मी जाब विचारायला वळले, तर पाठीमागे खराटा घेऊन एक बाई उभी. उंच, काटक, काळा झगा, कमरेला एप्रन.

"त्या खिडकीखाली काय सापडलं तुला?" इनेसबाई म्हणाल्या.

मला खोटं पटकन सुचत नाही. मी भिंगाकडे बघत राहिले.

त्यांनी तुल्लिओंच्या दाराकडे एक नजर टाकली, माझं मनगट धरलं आणि मला आपल्या स्वयंपाकघरात नेलं. आत्या मागोमाग आलीच. इनेसबाईंनी दोघींसमोर चेरीच्या मुरंब्याची बाटली आणि दोन चमचे ठेवले.

"तो दगड माझा आहे," त्या म्हणाल्या. "मी घातला. कुणाला बोलायचं नाही. विशेषतः त्या गाढवाला."

"तुम्ही? पण आकडे तर ते घालत होते."

"आकडे तो घालत होता, आणि रंगाचा डबा कोण धरत होतं? तो जेवायला गेला की ब्रश माझ्याकडेच असायचा." त्यांनी मान वर केली. "अख्ख्या गावाला सांगत फिरतो, एकही चूक नाही, एकही चूक नाही. रोज सकाळी त्या खिडकीत उभा राहून माझ्या कुंड्यांवरून ओरडतो. मी ऐकून घेते. त्याच्या पोटाखाली माझा दगड आहे हे मला माहीत असतं ना. हसू येतं मला. दिवस चांगला जातो."

"एवढ्यासाठीच?"

इनेसबाईंनी मुरंब्याचं झाकण उगीच फिरवलं, पुन्हा उघडलं.

"एकदाचं ते कुरणातलं काम संपलं, त्या दिवशी तो म्हणाला, 'चला, आता तुझं तुला, माझं मला.' मोठ्या आनंदाने म्हणाला. मला त्याचा राग आला." त्यांनी चमचा आत्याच्या हातात दिला. "सगळं त्याचं त्याला कसं मिळू देईन मी?"

मी तोंड उघडलं. आत्याला काही समजायचा प्रश्नच नव्हता, पण टेबलाखालून तिने माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"काय झालं?" मी कळवळून मराठीत विचारलं.

"तू आता दुसऱ्याचं काहीतरी हिला सांगणार होतीस."

"तुला कसं कळलं?"

"नोकरी केली आहे मी. दोन्हीकडचे बोलत असताना ऑपरेटरच्या चेहऱ्यावर हेच येतं. नवी मुलगी असली की मध्येच बोलते. मग लाइन तुटते."

परत जाताना मी तिला सगळं सांगितलं. खिडकीखालचं, डब्याचं, ब्रशचं. आत्या वेशीपाशी थांबली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिथल्या दोन मांजरी पळाल्या.

"म्हणजे त्याला वाटतं त्यानेच केलं."

"आणि तिला वाटतं तिनेच."

"आणि भांडण कुंड्यांवरून!" आत्याने डोळे पुसले. "उद्या काय करणार मग?"

मला खरंच ठरवता येत नव्हतं. मी एकटीनेच शोधलं होतं ते. गावाला जमलं नव्हतं, मला जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकात बँड, झेंडे, आणि मधोमध टेबलावर ते चीज. लोरेत्ताने हातांनी काढला होता त्यापेक्षा थोडं लहान, पण पाटाएवढं नक्की. शेजारी दोन गवंडी, छिन्नी-हातोडे चकचकीत. तीन पंच खुर्च्यांवर. मधल्या खुर्चीत तुल्लिओ, इस्त्रीचा शर्ट, चेहरा चुन्यासारखा. पुढच्याच रांगेत इनेसबाई, मांडीवर घट्ट विणलेली बोटं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. दोघं माझ्याकडे बघत होते.

"भारतातून आलेल्या दोत्तोरेस्सा!" लोरेत्ता भोंग्यातून ओरडली. टाळ्या झाल्या. "सापडला का चुकीचा दगड?"

"सापडला," मी म्हणाले.

गवंड्यांनी हातोडे उचलले. आत्या चीजकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, देव तिचं भलं करो, अजून आशा होती.

मी चालायला लागले. गर्दी माझ्यामागे. मी त्या दोन घरांच्या गल्लीच्या तोंडाशी आले, थांबले, भिंग साफ केलं. तुल्लिओंनी टोपी काढली. मग मी गल्लीत न शिरता डावीकडे वळले आणि चौकाच्या कोपऱ्यातल्या कारंज्यापाशी जाऊन काठावरच्या एका दगडावर बोट ठेवलं.

"हा. याच्यावरचा काळा थर बघा. पावसाचं पाणी खाली वाहतं, थर आडवा आहे. म्हणजे दगड बसवताना फिरवलेला आहे." मी झीज, क्षार, वाऱ्याची दिशा, सगळं सांगितलं. इतकं शास्त्रशुद्ध खोटं मी नंतर कधी बोलले नाही.

तुल्लिओ खुर्चीतून उठले. एका क्षणात त्यांच्या अंगात वीस वर्षांचा मुलगा संचारला.

"दोत्तोरेस्सा!" ते गरजले. "हा दगड माझ्या आजोबांच्या काळापासून असाच आडवा आहे! गवताची गाडी आदळली होती इथे! तेव्हा पडला आणि कुणीतरी तसाच लावला. आम्ही तोही होता तसाच लावला! एकही चूक नाही!"

गाव खदाखदा हसलं. बँडने एक चिडवणारी धून वाजवली. एका आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शिकाल, शिकाल."

"एकही चूक नाही म्हणे," इनेसबाई मोठ्याने म्हणाल्या. "गर्विष्ठ गाढव."

"आणि तुझ्या कुंड्या?" तुल्लिओ तिकडूनच ओरडले. "आज सकाळी पुन्हा भिजलो मी!"

पंचांनी चीज कापलं. पहिली फोड तुल्लिओंनी स्वतः आणून आत्याला दिली, दोन्ही हातांत धरावी लागेल एवढी, आणि माझ्याकडे बघून डावा डोळा बारीक केला. थोड्या वेळाने इनेसबाई आल्या, मुरंब्याच्या दोन बाटल्या माझ्या पिशवीत सरकवल्या आणि उजवा डोळा बारीक केला.

"एमएस्सी कामाला आली की," आत्या तोंड भरलेलं असताना म्हणाली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या गोड्या मसाल्यात आत्याने ते दगडफूल खरंच घातलं होतं आणि तो बिलकूल चांगला झाला नव्हता. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे पुण्याला आली होती. सकाळी चहा घेत असताना फोनवर लोरेत्ताचा निरोप आला. तिकडे पुन्हा हादरा बसला होता. लहानसा. माणसं सगळी सुखरूप, फक्त जुन्या दोन घरांच्या भिंती थोड्या ढासळल्या. खाली फोटो होता.

नदीकाठचं तेच कुरण. दगडांचा एक ढीग. ढिगाच्या इकडे खुर्चीवर तुल्लिओ, तिकडे खुर्चीवर इनेसबाई, दोघं पार वाकलेले. मध्ये दोन दगड वेगळे काढून ठेवलेले. तुल्लिओंचं बोट इनेसबाईंकडे, इनेसबाईंचं बोट तुल्लिओंकडे, आणि दोघांचीही तोंडं उघडी.

लोरेत्ताने लिहिलं होतं, "या दोन दगडांवरून आठवडाभर चाललंय. सकाळी येतात, जेवायलाही तिथेच. तो म्हणतो तू लबाडी केलीस, ती म्हणते तूच केलीस. कुणी मध्ये पडलं की दोघं मिळून त्याला हाकलतात. दोत्तोरेस्सा, तुझ्याकडे भिंग आहे. कुठला कुणाचा, एकदाच सांगून टाक ना!"

मी फोटो मोठा करून बघितला. भिंगाची गरज नव्हती. एका दगडाचा कोपरा आत्याच्या नेलकटरने ओरखडलेला होता.

मी लिहिलं, "फोटोवरून सांगता येणार नाही. दोन्ही दगड दिसायला अगदी सारखे आहेत. नीट तपासायला हवं. त्यांना म्हणावं, घाई करू नका."

आत्याने माझ्या खांद्यावरून वाचलं. इटालियन तिला अजूनही येत नाही.

"लागली का लाइन?" तिने विचारलं.

"लागली."

"मग ठेव तू फोन," ती म्हणाली, आणि तिने बशीत चहा ओतला.